एक वर्ष आणि चौदा दिवस

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल होतं. त्याआधीची दोन वर्षं कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत पावसाचा थेंब नव्हता, आणि त्या वर्षी जानेवारीपासून असा लागला की पीचच्या बागेत ट्रॅक्टर घालायची सोय राहिली नाही. छाटणी आम्ही चिखलात उभं राहून केली. धुकं इतकं दाट असायचं की शेजारच्या झाडावरची कात्री नुसती ऐकू यायची. मग एप्रिलात फळ धरलं ते भरमसाट, आणि विरळणी अंगावर आली.

बाग आमची नव्हती. तीस एकर खंडाने केली होती, पॉवेल नावाच्या विधवेची. मी, आमचे हे, आणि सहा माणसं. त्यांतली सोलेदाद, मेक्सिकोची, माझ्या शेजारच्या शिडीवर असायची. तिला सगळे चोले म्हणत. विरळणीत हिरवी, बदामाएवढी फळं खुडून खाली टाकायची, फांदीवर वीतभर अंतराने एकेक ठेवायचं. दिवसभर मान वर. संध्याकाळी बोटं उघडत नसत, आणि पीचची लव मानेत, काखेत, पापण्यांत जाऊन अशी खाजे की बाई माणसानंही चारचौघांत कुठंही खाजवावं. चोले म्हणायची, या कामाला लाज असलेलं माणूस चालत नाही.

त्या धांदलीत साक्रामेंटोहून पत्र आलं की तेवीस मेला मुलाखतीला या. दोघांनीही.

अर्ज मास्टर हजारासिंगांनी भरले होते. ते देशात शाळामास्तर होते. इथे रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसायचे आणि लोकांचे कागद भरून द्यायचे, एका चहावर. अर्ज खरा ह्यांचाच करायचा होता. माझं नाव मास्टरांनी सहज घातलं. म्हणाले, गाडी जातेच आहे तर दोघं जा, पेट्रोल तेवढंच.

ह्यांना नागरिक व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. ह्यांची आई, बेबे, पंजाबात, दोआब्यात आमच्या सैदोवाल गावी एकटी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. दुसरा मुलगा नाही, मुलगी नाही. हिरवं कार्ड आमच्याकडे त्र्याहत्तरपासून होतं, पण कार्डावर आईबापांना बोलावता येत नाही. त्यासाठी नागरिक व्हावं लागतं, आणि नागरिक व्हायला पाच वर्षं इथे राहिलेलं दाखवावं लागतं. ती पाच वर्षं त्या वसंतात भरली होती. बेबेसाठी मागची खोली ह्यांनी आधीच रंगवून घेतली होती. न्हाणीघरात धरायला लोखंडी कांब बसवली होती, कारण बेबेचं खुब्याचं हाड एकदा मोडलेलं होतं.

पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हाच थोडी नाचक्की झाली. ह्यांचे ठसे उमटेनात. बोटांची कातडी कात्रीनं आणि फळांच्या लवेनं घासून गुळगुळीत झालेली. त्या शिपायानं तीनदा शाई लावली, तीनदा पुसली, शेवटी म्हणाला, आठ दिवस काम करू नका आणि परत या. विरळणीच्या दिवसांत. हे रात्री हाताला लोणी चोपडून मोजे घालून झोपले आणि काम करतच राहिले. दुसऱ्या खेपेला कसेबसे उमटले.

तेवीस तारखेला पहाटे उठून मी दोघांचे हात लिंबानं घासले. हिरवा डाग निघाला नाही. ह्यांनी निळी पगडी बांधली, सूट घातला. वाटेत ते मला प्रश्न विचारत होते: झेंड्यावर तारे किती, राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी. मला सगळं येत होतं. हिवाळ्यात अमरोनं, आमच्या मुलीनं, भांडी घासता घासता घोकून घेतलं होतं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

मला आधी बोलावलं. तरुण साहेब होता, घशाशी टाय आवळलेला. त्यानं माझा पासपोर्ट उघडला. त्यात त्र्याहत्तरचा एक शिक्का, आणि पुढची पानं कोरी. तो पानं उलटत गेला, पुन्हा उलटली. विचारलं, एकदाही गेला नाहीत? मी म्हटलं, नाही. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये माझे वडील वारले तेव्हा फळ झाडावर होतं. तेही मी सांगितलं, कारण मला वाटलं तो तेच विचारतोय. त्यानं लिहून घेतलं नाही. तारे विचारले, एक वाक्य लिहायला लावलं आणि हसून म्हणाला की झालं.

ह्यांच्या वेळी दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मी बाकावरून ऐकलं.

ह्यांच्या पासपोर्टात शिक्के भरपूर. आमच्यातली रीतच ती. सप्टेंबरात शेवटचं फळ उतरलं की पुरुष देशात जायचे आणि झाडं फुलायच्या आत परत यायचे. साहेब एकेक शिक्का बोटानं धरून तारखा कागदावर मांडत होता. एका ठिकाणी बोट थांबलं. सत्तावीस सप्टेंबर पंच्याहत्तरला गेलात. अकरा ऑक्टोबर शहात्तरला आलात. मध्ये कुठे होतात?

ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. त्यांना वाटलं, हे तर आपल्या बाजूचंच आहे. आई गोठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, घरात कुणी नाही. मी मुलगा. मी तिला उचलून न्हाऊ घातलं, हागायला नेलं, तिच्या म्हशीचं शेण काढलं. आणि परतीचा कागद माझ्याकडे होता, दोन वर्षांचा. मास्टरांनी काढून दिलेला. तो त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला.

साहेबानं तो वाचला. मग सावकाश समजावलं. हा कागद देशात परत घेण्यापुरता आहे. राहण्याचे दिवस तो जोडत नाही. तुम्ही वर्षाच्या आत आला असतात तर बायको इथे, मुलगी इथे, बाग इथे, एवढं बघून मला सोडता आलं असतं. वर्षाच्या वर गेलं की माझ्या हातात नाही. गणती परत आल्या दिवसापासून नव्यानं. चार वर्षं आणि एक दिवस. बारा ऑक्टोबर ऐंशी.

“किती वर गेलं?” ह्यांनी विचारलं.

“चौदा दिवस,” साहेब म्हणाला.

ते चौदा दिवस कशाचे होते ते मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं. शहात्तरच्या सप्टेंबरात बेबे काठीवर चालायला लागली होती आणि ह्यांचं तिकीट सव्वीस तारखेचं होतं. बेबे म्हणाली, तुझ्या बापाची बरसी दहा दिवसांवर आलीये, ती करून जा. मुलगा घरात असून बरसीला नाही, तर लोक काय म्हणतील. ह्यांनी परतीचा कागद बघितला, त्यावर दोन वर्षं होती. थांबले. गावाला जेवण घातलं, मग निघाले.

परत येताना घरी न जाता ह्यांनी गाडी थेट बागेत घातली आणि सूट-पगडीसकट शिडीवर चढले. संध्याकाळपर्यंत खुडत होते. चोलेनं मला खुणेनं विचारलं. मी हात हलवून नाही म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की निम्मं उत्तर हो होतं.

गावात ते लपून थोडंच राहतं. पुढच्या रविवारी लंगरमध्ये बैन्सांचा म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चननसिंगा, बायको अमेरिकन झाली म्हणे. आता तुला ठेवून घेईल की व्हिसा मागेल?” लोक हसले. हेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

मास्टर दोन रविवार टेबलाशी आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. मास्टरांनी पगडीही बांधली नव्हती. म्हणाले, मी तुला परतीचा कागद काढून दिला, त्याच्यावरच्या तारखा वाचल्या, मागचं बारीक वाचलं नाही. हे म्हणाले, तुम्ही वाचलं असतंत तरी मी बरसीला थांबलोच असतो.

मग तिथेच दुसरा एक विषय निघाला. मास्टरांकडे आलेला एक जण म्हणाला, वहिनी आता नागरिक होतायत, त्यांना आईला बोलावता येतं. बेबे बिशनकौर ही वहिनींचीच आई म्हणून लिहा. देशात जन्माचे दाखले कुणाकडे आहेत? गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले की झालं. लोक करतात.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “ह्यांच्या कागदावरही आई बिशनकौरच आहे. मग आम्ही दोघं कोण?”

मास्टर पहिल्यांदा हसले. हे उठले आणि म्हणाले, एवढी वर्षं झाली, आता बहीण मिळाली तर अमरोला काय सांगू. विषय तिथेच मिटला. सासूला आई लिहिता येत नाही, एवढंच त्यातून कळलं. नुसतं भेटीला म्हणून बेबेला आणावं, तर तोही अर्ज दिल्लीहून परत आला. एकटी विधवा परत जाणार कशासाठी, असं त्यांना वाटलं असणार. खरंच होतं ते.

जुलै ते सप्टेंबर पीच उतरवले. मी गळ्यात झोळी अडकवून शिडीवर, झोळी भरली की वीस किलो, ती पेटीत ओतायची, पुन्हा वर. हे ट्रॅक्टरवर पेट्या ओढायचे. फळं डब्यात भरणाऱ्या कॅनरीनं दोनदा गाडी परत पाठवली, फळ जास्त पिकलं म्हणून. सप्टेंबरच्या शेवटी मी साक्रामेंटोला जाऊन हात वर करून शपथ घेतली. मानेवर लवेचे लाल चट्टे होते, ओढणीनं झाकले. हे आले नाहीत. बागेत फांद्यांचे टेकू काढायचे होते, तेही खरंच होतं.

नोव्हेंबरात सैदोवालहून चुलतदिराचं पत्र आलं. बेबेकडे ठेवलेली बाई सोडून गेली. बेबे पुन्हा घसरली, मोडलं काही नाही, पण चार दिवस तिच्या चुलीतून धूर दिसला नाही म्हणून शेजारचे डोकावले. ती खाटेवर होती, गूळ-पाण्यावर. तुम्ही काय ते बघा, असं पत्राच्या शेवटी होतं.

मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीत कपाटावरून पेटी ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर हे पेटीत सदरे घालत होते.

मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, तीन महिने, छाटणी चोलेच्या माणसांकडून करून घे. मी म्हटलं, मागच्या वेळीही तीनच महिने म्हणाला होतात. त्यांनी आणखी एक सदरा पेटीत घातला.

“तुम्ही गेलात तर तिला टाकून परत यायला तुमचे पाय उठायचे नाहीत,” मी म्हटलं. “मग ऐंशीचं पंच्याऐंशी होईल. ती तोवर बसणार आहे का तुमच्यासाठी? मी जाते.”

“तू?”

“माझे दिवस आता कुणी मोजत नाही. पाहिजे तेवढे राहीन.”

ते खाटेवर बसले. बराच वेळ हातातला सदरा घडी करत होते, मोडत होते. मग म्हणाले, “तुझं आणि तिचं एक दिवस पटणार नाही.”

“भांडू. भांडायलाही घरात माणूस लागतं.”

अमरोला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, थोडे.

डिसेंबरात मी देशात पोचले. आधी माहेरी गेले. माझी आई, बीजी, भावाकडे होती. वडिलांचा फोटो लावलेल्या खोलीत आम्ही दोघी बसलो. चार वर्षं उशिरा आलेल्या लेकीला ती लागेल असं काही बोलली नाही. मी म्हटलं, बीजी, तुला मी बोलावू शकते आता. ती म्हणाली, मुलगा जिवंत असताना लेकीच्या चुलीवर खाऊ का मी? आयुष्यात तुझ्या सासरच्या गावचं पाणी प्यायले नाही. भावजय चहा घेऊन आली तसा तिनं विषय बदलला. मी निघताना भाऊ बसपर्यंत आला आणि त्यानं विचारलं, भावाला बोलवायला किती वर्षं लागतात.

सैदोवालला बेबेनं मला दारात बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: “चननला मोकळा केलास तर. पीच संपले का?”

ह्याला कारण होतं. शहात्तरच्या उन्हाळ्यात मी ह्यांना पत्र पाठवलं होतं, की फळ थांबत नाही, पॉवेलबाई खंड मोडायचं म्हणतेय, निघून या. हे घरात नसताना ते पत्र पोस्टमननं बेबेसमोर मोठ्यानं वाचलं होतं. तिला ते पाठ होतं. मी कणीक मळायला घेतली की ती म्हणायची, “फळ थांबत नाही.” मी तिच्या पायाला मोहरीचं तेल लावायला बसले की, “बाई खंड मोडायचं म्हणतेय.” दिवसातून एकदा तरी.

काम मला नवं नव्हतं, सवय गेली होती. पहाटे म्हशीची धार, शेण, गोवऱ्या थापायच्या, चूल, बेबेला आंघोळ. ती अंगानं मोठी बाई. तिला खाटेवरून उठवताना तिचा हात माझ्या मानेत असा बसायचा की ती मुद्दाम जोर देते की काय असं वाटावं. डावा पाय आखूड झाला होता. खुब्याजवळ हाड बाहेर आल्यासारखं टोचायचं. तिथे तेल लावताना ती दात आवळायची, पण आवाज काढत नसे.

गावात आल्यावर महिन्यानं ठाण्यातून शिपाई आला. परदेशी बाई उतरली आहे, तिनं नाव नोंदवलं नाही. मी बसनं जिल्ह्याला गेले. फौजदार म्हणाला, पासपोर्ट अमेरिकेचा आहे, कुठे राहता, का राहता, किती दिवस राहणार, सगळं लिहा. मी लिहिलं: सासूकडे. का ह्याच्यापुढे काय लिहावं सुचेना. त्यानं स्वतःच लिहिलं, घरगुती. दर सहा महिन्यांनी जायला लागायचं. बेबेला त्याची फार मजा वाटली. बायकांना सांगायची, माझ्या सुनेला पोलिसांत हजेरी आहे.

पण अमेरिकेला यायचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. मी ह्यांच्या सांगण्यावरून दर पंधरवड्याला विषय काढत होते. ती म्हणायची, तिथे मला कोण ओळखतं, कुणाच्या दारात बसू, मेले तर विजेच्या भट्टीत घालतील. तिला मुलगा परत यायला हवा होता. तो येत नाही तो माझ्यामुळे, पीचमुळे, असं तिच्या मनात पक्कं होतं. पासपोर्टसाठी फोटो काढायला शहरात चल म्हटलं की खुबा दुखायला लागायचा. असं वर्ष गेलं. ऐंशीचा फेब्रुवारी आला. कागद आधी तयार नसले तर ह्यांचे दिवस भरूनही उपयोग नव्हता.

त्या दिवशी मी तिला न्हाऊ घालत होते. पाणी जरा गरम झालं असावं. तिनं तांब्या माझ्या हातातून हिसकला आणि म्हणाली, तीन वर्षं झाली, माझा मुलगा मला तोंड दाखवत नाही, तू तिकडे काय कानमंत्र दिलायस कुणास ठाऊक.

मी ओल्या हातांनी उठले.

“कानमंत्र नाही दिला,” मी म्हटलं. “त्याला पाच वर्षं तिथे राहिलेलं दाखवायचं होतं, तुला न्यायला. ती भरली होती. तू पडलीस, तो वर्षभर इथे राहिला, तेही सरकारनं सोडलं असतं. वर्षाच्या वर चौदा दिवस झाले म्हणून सगळं मोडलं. त्यानं तिकीट काढलेलं होतं, बेबे. बरसीसाठी तू त्याला ठेवून घेतलंस.”

ती पाटावर तशीच बसली. अंगावर साबण, केस मोकळे. अंगणात ऊन होतं पण वारा गार होता. मी पुन्हा पाणी घेतलं आणि तिच्या पाठीवर ओतलं. साबण गेला. मी तिला पुसलं, सलवार घातली, उठवलं. ह्या वेळी तिनं माझ्या मानेवर जोर दिला नाही. खाटेची कड धरून स्वतःच उठायला बघत होती.

“त्यानं मला का नाही सांगितलं?” तिनं विचारलं.

“तो कसा सांगेल?”

ती दुपारी जेवली नाही, संध्याकाळीही नाही. मला माझीच भीती वाटत होती. सकाळी मी धार काढून आले तर ती खाटेवर बसलेली, ठेवणीतली पांढरी ओढणी घेतलेली. म्हणाली, “फोटोवाला किती वाजता उघडतो?”

टांगा ठरवून गेलो. तिला टांग्यात चढवायला दोन माणसं लागली. फोटोवाल्यानं कान दिसायला हवेत म्हणून ओढणी मागे घ्यायला सांगितलं. पंचाहत्तर-शहात्तर वर्षांत परक्या पुरुषासमोर तिनं डोकं उघडं केलं नव्हतं. तिनं ओढणी मागे सरकवली आणि समोर बघत राहिली. त्या दिवसानंतर तिनं माझं ते पत्र पुन्हा कधी म्हणून दाखवलं नाही. त्या वर्षी बरसीचं जेवण घालू का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, गुरुद्वाऱ्यात पीठ देऊन ये, पुरे.

ऐंशीच्या बारा ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून ह्यांनी तेराला अर्ज दिला. त्या अडीच वर्षांत ते युबा सिटी सोडून साक्रामेंटोच्या पलीकडे गेले नव्हते. फेब्रुवारीत नागरिक झाले. त्याच आठवड्यात मास्टरांनी बेबेचे कागद भरले, आणि ह्या वेळी मागचं बारीक दोनदा वाचलं. दिल्लीहून बोलावणं ऑगस्टमध्ये आलं.

एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरात मी बेबेला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. चाकाच्या खुर्चीत ती ताठ बसली होती. हे गर्दीत सगळ्यांच्या पुढे उभे होते. त्यांची दाढी पांढरी झाली होती; ते मला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं त्यांच्या पगडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला, मागची माणसं खोळंबली तरी.

“चौदा दिवसांची पाच वर्षं केलीस,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं होतं आईचं ऐकायला?”

बेबेनं पीचचे चार हंगाम बघितले. उलट्या पेटीवर बसून चोलेच्या माणसांना पंजाबीत ओरडायची आणि ती माणसं ऐकायची. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात ती म्हणाली, मला घरी जायचंय. ह्यांनी समजावलं की जास्त दिवस राहिलीस तर कार्ड जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, ते माझं नव्हतंच, तुझं होतं. हे तिला घेऊन गेले आणि दोन वर्षं तीन महिने तिथे राहिले. कुणीही मोजलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती त्यांच्या हातावर गेली. बाग तोवर मी बघितली.

मास्टर हजारासिंग त्याआधीच गेले होते. त्यांचं टेबल बरीच वर्षं रिकामं राहिलं. बीजी भावाच्या घरी वारली. शेवटपर्यंत तिनं मला बोलाव असं म्हटलं नाही. भाऊ आला, बारा वर्षांनी, आणि आता इथेच कॅलिफोर्नियात, लोदायला राहतो. पॉवेलबाईच्या मुलांनी बाग विकली, तिथे घरं झाली. हे दोन हजार चार साली गेले, इथेच, झोपेत.

अमरो टेक्सासला असते, दोन मुलांची आई. मी बेबेकडे गेले तेव्हा तेरा वर्षांची होती, आले तेव्हा सोळाची. त्या काळात तिचा बाप बागेत आणि ती चोलेच्या स्वयंपाकघरात, तिच्याबरोबर मक्याच्या तोर्तिया थापायला. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी कट्ट्यावर बसून बघत होती आणि ती रोट्या करत होती. लाटणं घेतलं नाही. गोळा दोन्ही तळहातांत थापत, फिरवत, जाडसर, कडेला चिरलेल्या. मी म्हटलं, अगं, ही काय पद्धत. ती म्हणाली, मला हीच येते. पोरीनं विचारलं, आई, तुला नानीनं शिकवलं का? अमरो तव्यावर रोटी टाकत म्हणाली, “नाही. नानी तेव्हा नव्हती.” आणि पहिली रोटी तिनं माझ्या ताटात वाढली.